बाळाचे डोळे रंगवू नयेत म्हणून

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
जुन्या वास्तू देखभाल उपविभाग,
अलिबाग, जि. रायगड.

विषय : धरमतर खाडीकाठच्या जुन्या चर्चमधील स्मृतिखिडकीतील बाळाचे डोळे रंगवण्याचे काम थांबवणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, दि. १० नोव्हेंबर १९८६.

महोदय,

अर्जदार पेण येथे गणपतीच्या मूर्ती करतो. वरील चर्चची रंगीत काचेची खिडकी अर्जदाराने व त्याची पत्नी कै. सरू हिने रंगवली. संदर्भीय पत्रात ती 'अपूर्ण' ठरवून, सोमवार दि. २४ रोजी विभागाचा पेंटर बाळाचे डोळे भरील असे कळवले आहे. त्याबाबत सविनय निवेदन असे की,

१. सदर खिडकी मार्थाबाईंच्या स्मरणार्थ आहे. चर्चशेजारच्या दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षे बाळंतपणे केली. त्या वारल्यावर चर्चच्या मंडळींनी विचारले, खिडकीत चित्र कशाचे हवे? मिठागरातल्या बाया म्हणाल्या, "बाईच्या हातात पोर दावा. दुसरं काय दावाल?" त्याप्रमाणे मार्थाबाई मान खाली घालून हातातल्या बाळाकडे पाहत आहेत. मंजूर आराखड्यात बाळाला डोळे आहेत, खिडकीत नाहीत, ही आपली हरकत खरी आहे. आपले निरीक्षक तीनदा आले. पहिल्या दोन खेपांना चौकट मोजून गेले, ती दोन्ही वेळा वेगवेगळी भरली. डोळे तिसऱ्या खेपेस त्यांच्या ध्यानात आले.

२. चूक आमचीच. काचेवरचा रंग भट्टीत भाजून पक्का करतात. मुंबईच्या काचवाल्याने बजावले होते की सगळे रंगवून मगच काचा पाठवा. परंतु आमच्या धंद्यात डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते, आणि ती सरू करी. अर्जदाराचा हात पीतांबर आणि दागिन्यांपुरता. काचवाल्याचा निरोप सांगितला तर म्हणाली, "आधी डोळे? डोकं फिरलं का तुमचं? पोर जागेवर बसू दे, मग बघंल." काचा तशाच भाजल्या व एप्रिलमध्ये खिडकी बसली. काचवाला म्हणाला, हरकत नाही, तेवढा तुकडा काढा, डोळे रंगवा, पुन्हा भाजून देतो.

३. पुढे सरूने चार महिने टाळाटाळ केली. अर्जदारास नोंदी ठेवण्याची खोड असल्याने कारणे देता येतात : अमावास्या दोनदा, चष्मा एकदा, हात दुखणे चार वेळा. त्याच दुखऱ्या हाताने त्याच दिवसांत तिने एकशे नव्वद गणपतींचे डोळे काढले. अर्जदाराने टोमणा मारला, "देवाला घाबरत नाय नि पोराला घाबरतेस?" तिने कुंचला खाली ठेवला. म्हणाली, "डोळे काढले की मूर्ती घरात राहते काय? गिऱ्हाईक येतंच न्यायला." दि. १९ ऑगस्ट रोजी ती तापाने वारली.

४. आता जे आपल्या फायलीत नाही ते. सन १९६१ मध्ये सरू पहिल्या बाळंतपणासाठी खाडीकाठी माहेरी गेली होती. मुलगा झाला. त्याने डोळे उघडलेच नाहीत. मार्थाबाईंनी त्याला फडक्यात गुंडाळून बाजूला नेले नाही. सरूच्या मांडीवर दिला. म्हणाल्या, "बघून घे गो, पोरगा तुझाच हाय." दुपारपासून दिवस मावळेपर्यंत तिने बघून घेतला. अर्जदार सीझनच्या घाईत पेणला होता. पोहोचला तेव्हा माती दिलेली होती.

आराखड्यातले बाळ कुठलेही, कोणाचेही आहे. खिडकीतल्या बाळाच्या हनुवटीला खळगा आहे आणि उजवा कान किंचित दुमडलेला आहे. ते सरूने तिच्या मनाने केले. काचा मुंबईला जाण्याआधी अर्जदाराने विचारले, हे काय? ती म्हणाली, "असाच होता." अर्जदाराने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आपला मुलगा पाहिला तो असा.

५. आपला पेंटर दि. १७ रोजी जागा पाहून गेला. भला माणूस आहे, कचेरीच्या दारांवर नंबर घालतो. "काळ्या रंगाचा छोटा डबा, अर्धा तास, काम खल्लास," म्हणाला. मग शिडीवरून त्याने विचारले, "काका, नजर कुठं ठेवू? सरळ, की बाईकडं?" ती नजर कोणीच पाहिलेली नाही. पेंटरने नाही, अर्जदाराने नाही, सरूनेही नाही.

तरी विनंती की सोमवारचे काम रद्द व्हावे. खिडकी आराखड्याप्रमाणे करण्याऐवजी आराखडा खिडकीप्रमाणे दुरुस्त करून घ्यावा. कागदावर खोडरबर चालतो. तेही नियमात बसत नसेल, तर आपल्या दप्तरी 'अपूर्ण' हा शेरा खुशाल कायम ठेवावा, अर्जदाराची तक्रार नाही. फक्त बाळाला हात लावू नये.

आपल्या हुकुमाकडे डोळे लावून बसलेला,
पुंडलिक बाबाजी पेणकर
मूर्तिकार, पेण
दि. २० नोव्हेंबर १९८६

सोबत :
(१) आपल्या पत्राची नक्कल.
(२) मंजूर आराखडा.
(३) कै. सरू हिचा मृत्यूचा दाखला.
(४) मुलाचा जन्माचा किंवा मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. नाव ठेवलेले नसल्याने त्या वेळी कोणी नोंद घेतली नाही. पुरावा हवा असल्यास साहेबांनी स्वतः चर्चमध्ये यावे. सकाळी आठच्या सुमारास त्या बाजूला ऊन असते.