सरांच्या हॉलमधला गोंगाट

धुळे, गुरुवार, २१ ऑगस्ट. सकाळी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचं लेक्चर घेतलं. दुपारी विभागप्रमुखांनी बोलावलं. संध्याकाळी डबा न उघडताच घरी आणला.

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी प्रमुखांनी आज तुमचाच दाखला दिला. सरांच्या तासाला या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यायची, म्हणाले, आणि मॅडम, तुमच्या तासाला बाजार भरतो. खरं आहे. मी शिकवता शिकवता मध्येच थांबते आणि भरलेल्या हॉलला सांगते, आता हे शेजाऱ्याला समजावून सांगा, घरी बोलता त्या भाषेत. गोंगाट होतोच.

तुमच्या शांततेत मीही बसले आहे. पारोळ्याकडच्या खेड्यातून नुकतीच आलेली. तुम्ही फळ्यावर हृदय काढताय, निळा खडू, मग लाल. डावी बाजू दमली की रक्त मागे तुंबतं, असं काहीसं सांगताय. मी शेजारणीला अहिराणीत विचारते, मागे म्हणजे कुठे? खडू थांबतो. "उभी राहा. हा भाजीबाजार नाही." तास संपेपर्यंत मी उभी. पुढे शिकत होते तोवर त्या हॉलमध्ये तोंड उघडलं नाही. आकृती हुबेहूब उतरवली, मार्कही मिळवले. कळलं मात्र नव्हतं. त्या शांततेत किती जणांना कळतंय, हे तुम्ही एकदा तरी विचारायला हवं होतं, सर. मी शिकवायला लागले तेव्हा तुम्ही मला रंगीत खडूंची पेटी दिलीत. ती मी जपली आहे. म्हणून हे बोलायचं नाही, असं होत नाही.

आज तेच हृदय होतं. आकृती काढली आणि विचारलं, पेशंट उठून बसला की बरा असतो, आडवा झाला की दम लागतो, असं का? बोला आपसात. मुलं बोलू लागली, हसू लागली, कुणी हातवारे करून रक्त मागे फुफ्फुसांकडे वळवत होतं. मग शेवटच्या रांगेतली चोपड्याकडची मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, माझी आजी भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपते. म्हणते, आडं पडनं का धाप लागस. आम्ही म्हणायचो, सवय शे तिले." मग तिनेच विचारलं, "ती सवय नाही ना?"

हॉल गप्प झाला, सर. कुणी गप्प केला नव्हता. मी म्हटलं, आजच घरी फोन कर, उद्या तिला ओपीडीत घेऊन यायला सांग.

प्रमुखांना हेही सांगितलं. ते म्हणाले, ते ठीक, पण उद्यापासून हे बंद, नाहीतर तास दुसऱ्याला देतो. मी म्हटलं, द्या. माझ्याकडे आहे तोवर मुलं बोलतील. उद्या तास आहे आणि मुलं बोलणार आहेत. तुम्ही असतात तर तुम्हालाही हेच सांगितलं असतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. मुलं बोलायला लागली की अजूनही क्षणभर माझे पाय ताठ होतात, आता कुणीतरी मला उभं करणार म्हणून. मी तर उभीच असते.

आता डबा उघडते. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर कडक झाली आहे. ठेच्याशी खाते.