उत्तरेकडच्या शेवटच्या सुसरी

रविवार, ११ जानेवारी

आज ह्यांच्या तोंडून चक्क एक शब्द निघाला — अ‍ॅलिगेटर!

शेजारच्या गोजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कुसुमताई, तुमची तनुजा अमेरिकेत करती तरी काय?" मी म्हटलं, सुसरी मोजते. "आगं बया! त्याचा पगार देत्यात व्हय?" तेवढ्यात पेपरामागून नवरोबांचा आवाज — "सुसर नाही. अ‍ॅलिगेटर. सुसर वेगळी." आणि पेपर पुन्हा वर.

दीड वर्षात लेकीच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला शब्द. बावीस वर्षं महाळुंग्याच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासली. रिटायर झाले तरी चूक कानावर पडली की राहवत नाही बिचाऱ्यांना.

तनुजासाठी ह्यांनी चाकणला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी बघून ठेवली होती. साहेबांकडे शब्दसुद्धा टाकला होता. ती म्हणाली, मला प्राण्यांवरच पीएचडी करायचीय. हे म्हणाले, "मग जा तुझ्या सुसरींकडे. मला फोन करू नकोस." झालं! तेव्हापासून रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला की हे खाली जाऊन स्कूटर पुसतात. अख्ख्या मोशीत एवढी चकचकीत स्कूटर नसेल.

बुधवार, १४ जानेवारी

तिळगूळ दिला. गोड बोला म्हटलं. "कुणाशी?" म्हणे. जसं काही माहीतच नाही!

रविवार, १८ जानेवारी

आज मीच तनुजाला विचारलं — एवढी मोठी अमेरिका, तू त्या नॉर्थ कॅरोलायनातच का जाऊन बसलीस? म्हणाली, "आई, अ‍ॅलिगेटर उत्तरेकडे इथपर्यंतच राहतात. ह्याच्या वर थंडी सोसत नाही त्यांना. ही शेवटची वस्ती." आता हवा तापतेय तर ते आणखी वर सरकतात का, ते तिला बघायचंय. थंडीमुळे तिथे त्यांची वाढही हळू. मादी वयात यायला सोळा-अठरा वर्षं!

हे मी गोजाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आन् हिचं लगीन? का हिलाबी तिथलीच हवा लागली?" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

तळं गोठलं तर अ‍ॅलिगेटर नाक तेवढं बर्फाबाहेर काढून निपचित पडून राहतात म्हणे. बर्फ वितळला की पुन्हा चालू. मला आमच्या घरातलं कुणीतरी आठवलं. नाव लिहीत नाही.

स्कूटर पुसून हे वर आले ते हातात कोरडं फडकं घेऊन. जिन्यातच उभे होते की काय!

रविवार, २५ जानेवारी

फोन आला नाही. विसरली असेल.

सोमवार, २६ जानेवारी

तिचा फोन बंद. सकाळपासून नऊ वेळा लावला. कामात असेल, असं मी मोठ्याने म्हणाले. हे म्हणाले, "काम कसलं? तिकडे उणे आठ आहे. बर्फाच्या वजनाने तारा तुटल्यात. लाइट नाही."

मी बघतच राहिले. तुम्हाला कसं कळलं? मोबाईल पुढे केला. त्यात हवामान उघडलं की आधी तिचं गाव येतं, मग मोशी.

चिडवायला तोंड उघडलं होतं, पण हे तोच आकडा पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. चिडवलं नाही. दोघंही जेवलो नाही नीट.

मंगळवार, २७ जानेवारी

लागला! लागला फोन!

सकाळी साडेसातला ह्यांनी स्वतः लावला, माझ्या मोबाईलवरून, स्पीकर चालू करून. नंबर पाठ! मी ओट्यापाशी, चहा उतू गेला तरी तिथेच उभी. पलीकडून "आई?" असा आवाज आला. हे म्हणाले —

"नाकं दिसली का?"

दीड वर्षानंतर बापाने लेकीला विचारलेला पहिला प्रश्न! पलीकडे हुंदका की हसू, कळेना. "अकरा दिसली, बाबा. सगळी श्वास घेत होती."

"मोजायला बर्फावर गेली होतीस?"

"नाही. काठावरूनच, दुर्बिणीने."

"हं. स्वेटर?"

"दोन घातलेत, बाबा."

"तिसरा घाल." एवढं बोलून फोन माझ्या हातात कोंबला आणि खाली गेले. स्कूटर पुसायला. आज फडकं घरीच विसरले.

रविवार, १ फेब्रुवारी

चाळीस मिनिटं! मला चार मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. प्राण्याची लांबी नाकापासून शेपटीपर्यंत मोजताना टेप पाठीवरून धरायची की पोटाखालून, ह्यावर बापलेकींचा वाद. शेवटी ती म्हणाली, "बाबा, एप्रिलमध्ये या आणि तुम्हीच धरा टेप." हे म्हणाले, "बघू."

आमच्याकडे बघू म्हणजे हो. पण कागदपत्रं कुठायत? माझा तर पासपोर्टसुद्धा नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पासपोर्टच्या कचेरीत गेलो. हातात अर्ज एकच, माझा. तुमचा कुठाय विचारलं, तर शर्टाच्या आतल्या खिशातून निळं पुस्तक काढलं. तयारच! मी उघडून पासपोर्ट काढल्याची तारीख वाचली. "मला फोन करू नकोस" म्हणून लेकीवर ओरडत होते ना — त्याच महिन्यातली.