पडद्याची स्वच्छ बाजू

३ फेब्रुवारी १९७४, रविवार
अखेर कारंज्यात फिल्म क्लब निघाला. हंगामी अध्यक्ष मी. दुसरं होतं कोण? १९४१ साली नागपुरात बी.ए. झालेली बाई गावात एकच. कायम अध्यक्षाची निवड १७ तारखेला, पहिल्या चित्रपटावरच्या चर्चेनंतर. इंद्रभानही उभा आहे. कचेरीतला कारकून, तोंडात सदा पान. असा माणूस कलेचं काय करणार? थुंकणार.

६ फेब्रुवारी
चित्रपट बंगाली. जुना, नावाजलेला. खाली इंग्रजी ओळी नाहीत. बंगाली वर्णमालेचं पुस्तक आणलं. दहा दिवसांत लिपी यायलाच हवी. इंद्रभानने मला एकच विचारलं, "बाई, गाणे किती हायत?"

१२ फेब्रुवारी
लिपी आली. जोडाक्षरं सोडून. आणि काही साधी.

१५ फेब्रुवारी
बाजाराच्या पटांगणात जागेची पाहणी. दोन बांबूंमध्ये पांढरा पडदा. एका बाजूला यंत्र. तिथे लोकांनी आजच पोती टाकून जागा धरल्यात. शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं, पिचकाऱ्या. शी! पलीकडची बाजू स्वच्छ, मोकळी, वाऱ्याची. चांगल्या जागेची या गावाला पारखच नाही. तिथे मधोमध माझी खुर्ची, मागे बायकांच्या सतरंज्या, असं ठरवून टाकलं. हिरीबाई (दारावर भाजी आणते ती) म्हणाली, "पण बाई, थे बाजू..." तिला तिथेच थांबवलं. मतं रविवारी. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही.

१६ फेब्रुवारी, रात्री ११
किळस आली. दुसरा शब्द नाही.
सुरुवातीला नावं आली, एक अक्षर ओळखू येईना. वर्णमालेचं पुस्तक भिकार आहे. प्रकाशकाला कडक पत्र लिहिणार.
पुढे त्याहून भयंकर. नायक डाव्या हाताने जेवतो. आई डाव्या हाताने वाढते. भटजी डाव्या हाताने तीर्थ देतो आणि माणसं डाव्याच हाताने घेऊन पितात! रुमाल नाकाला लावून बसले, पण उठले नाही. मग एकदम उमगलं. दिग्दर्शकाने अख्खा समाज उलटा करून दाखवलाय! समोरच्या त्या शेंगाखाऊंपैकी एकालाही हे कळलं नसणार. हिरीबाई तर निम्म्यातूनच डोळ्यांना पदर लावून. का, तिलाच ठाऊक.

१७ फेब्रुवारी, दुपारी २
भाषण तयार. वीस मिनिटं. विषय : डाव्या हाताचं बंड. नागपूरचे प्राध्यापक चर्चेला आलेत. इंद्रभानची कीव येते.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
भाषण झालं. सभा इतकी शांत की पिचकारीचाही आवाज नाही. वाटलं, जिंकले. प्राध्यापकांनी चष्मा पुसला, फार अदबीने विचारलं, आपण कुठे बसला होतात? मी सांगितलं, पहिल्या रांगेत, मधोमध. इंद्रभान म्हणाला, "पडद्याच्या कोन्या अंगाले, थे सांगा ना बाई."
मग जे हसणं सुरू झालं, ते लिहिण्याच्या लायकीचं नाही.
हिरीबाईने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मांगून पाह्यलं का उजव्याचं डावं होते, बाई. तंबूच्या सिनेमात आमी बाया मांगंच बसतो. आमाले सवय हाय."
आधी का नाही बोललीस, विचारलं.
"तुमी बोलू देल्लं काय?"
तेवढ्यात कोणीतरी तिलाच विचारलं, तू का रडत होतीस? ती म्हणाली, "थ्या मायनं सारं पोराले वाढलं न् सोता पानी पेली. थे तर दोन्ही अंगानं तसंच दिसते, भाऊ." प्राध्यापकांनी हे वहीत उतरवून घेतलं. माझ्या वीस मिनिटांतलं एक अक्षरही नाही. ही कसली विद्वत्ता!

१८ फेब्रुवारी
इंद्रभान अध्यक्ष. लोकशाहीचं हे असं आहे.
मला बैठकव्यवस्था-प्रमुख केलं. सूचना इंद्रभानचीच, अनुमोदन हिरीबाईचं, एकही विरोध नाही. अध्यक्ष काय, कोणीही होतो. माणसांना जागेवर बसवायला अधिकार लागतो. मी उभी राहून तिथल्या तिथे पहिला नियम केला : यापुढे सर्वांनी पडद्यासमोरच बसावे.
एकमताने मंजूर. टाळ्या थांबता थांबेनात.