पालकाची सही

२ जुलै
मुलींच्या संस्थेतून निघून आठ दिवस. अठरा पूर्ण झाले, तिथला मुक्काम संपला. गोंदियाजवळ मुर्रीत सुनंदाच्या खोलीवर आहे. ती माझ्या दोन वर्षं आधी तिथूनच बाहेर पडली, आता कापडाच्या दुकानात असते.
आज पुन्हा भात जास्त झाला. हाताला चाळीस पोरींचा अंदाज आहे, दोघींचा येतच नाही. सु. म्हणे, "सहा महिने लागतात."

४ जुलै
नर्सिंगच्या फॉर्मवर पालकाची सही पाहिजे. खिडकीवरचा बाबू, "पालक नहीं है मतलब? किसी को तो लाओ."
संस्थेत गेले. मॅडम चांगल्या बोलल्या. पण "आता तू मोठी झालीस, मला सही करता येत नाही." फाईल काढून आईचा पत्ता लिहून दिला. गोरेगावकडचं गाव. तिनं मला संस्थेत सोडलं त्याला अकरा वर्षं झाली.

८ जुलै
गेले. धानाची लावणी, रोवणा चालू. आई बांधीतून चिखलाच्या पायांनीच आली. ओळखलं तिनं, लगेच.
तिच्या सासूनं विचारलं, "कोन होय ही?"
"माह्या मावशीची नातीन," आई म्हणाली.
दुसऱ्या लग्नाच्या या घरात माझं कोणाला माहीतच नाही. चहा प्यायले. नातीनीसारखी बसले.
बसपर्यंत सोडायला आली. "काऊन आलीस?" फॉर्म दाखवला. "घरी कागद येईल का मंग?" नाही म्हटलं. "शुक्रवारी येतो गोंदियाले. दवाखान्याचं सांगून."
बस आल्यावर म्हणते, पोटभर जेवतेस ना.

११ जुलै, शुक्र.
आली. मला वाटलं नव्हतं.
एकेक अक्षर काढत सही केली. त्याखाली 'अर्जदाराशी नाते'. तिथं पेन थांबलं.
"इथं काय लिवू?"
"तुमाले वाटल ते."
तुमाले म्हटलं मी. तिनं ऐकलं. पेन माझ्या हातात दिलं. "गाडी जाईल माही." गेली. मागे वळून पाहिलं का, माहीत नाही. मी पाहत नव्हते.
बाबूनं फॉर्म परत केला. "ये खाली है. सोमवार तक भर के लाओ."
सु. चिडली. "दोन अक्षरं तर आहेत. तूच लिहून टाक, कोण बघते?"
लिहू शकते. अक्षरही तिच्यासारखंच येते मला, आज कळलं. पण ते तिनं लिहायला पाहिजे.
थकले. उद्या शनिवार.