नायिकेचा खोकला

सोमवार, ३ नोव्हेंबर
दुपारी पोचलो. घर शहराच्या कडेला, खिडक्याच खिडक्या, सगळीकडे ऊन. मन प्रसन्न झालं. रहस्यकथा लिहिणारे काका दारातच उभे होते. "या ताई!" म्हणाले आणि पोट धरून हसले. मी बाईच्या नावानं प्रेमकथा लिहितो, तेव्हा थट्टा सोसायलाच हवी. काका-काकूंनी जन्मभर जोडीनं कादंबऱ्या लिहिल्या. खून काकांचे, प्रेम काकूंचं. एक प्रकरण यांचं, पुढचं त्यांचं. शेवटची कादंबरी अर्ध्यावर असताना काकू गेल्या. त्यांचा वाटा आता मी लिहायचा. टेबलही त्यांचंच मिळालं. देवाचं नाव घेऊन पेनात शाई भरली.

बुधवार, ५ नोव्हेंबर
काका शेवटचं प्रकरण आधी लिहितात, मग मागे येऊन खुणा पेरतात. त्यात फक्त नायिकेच्या अखेरच्या निरोपाची जागा कोरी सोडतात. निरोप काकूंनीच लिहायचा. घरचा नियम एकच: दुसऱ्याच्या हाती दिलेलं पान परत मागायचं नाही.
काकूंची नायिका गोड आहे, पण तिला सवयी नाहीत, आणि सवयीवाचून बाई जिवंत होत नाही. मी तिला माझ्या बायकोची एक सवय दिली. ती डावखुरी. माझ्यापुढे चहा ठेवायची तोही कपाचा कान डावीकडे करून. मला दर वेळी फिरवून घ्यावा लागे. तिला जाऊन चार वर्षं झाली. लिहिताना हसू आलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
सकाळी टेबलावर चहा होता. कान डावीकडे. स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, अजून आधणही ठेवलं नाही, मला काय चार हात आहेत? चहा गरम होता. साखर बेताची, मला लागते तेवढीच.
मी प्यालो.

सोमवार, १० नोव्हेंबर
नायिकेला आणखी सवयी दिल्या. केस विंचरताना शब्दांवाचून गुणगुणणं. नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढून पुसून देणं. आता भर उन्हात शेजारच्या खोलीतून गुणगुण ऐकू येते. आत जावं तर खोली रिकामी. मात्र परत येतो तेव्हा माझा चष्मा लख्ख असतो. भ्यायला हवं होतं. मी प्रार्थनेत आभार मानले.

बुधवार, १२ नोव्हेंबर
काकांनी आज शेवट सांगितला. नायिका मरते, दम लागून. तेव्हा आत्ताच तिचा खोकला पेरून ठेवा म्हणाले, वाचकाच्या ध्यानातही येऊ नये इतका सहज. मी म्हटलं, वाचवू या तिला. ते हसले. ताई, तुम्हा प्रेमकथावाल्यांची ही खोडच, कुणाला मरू म्हणून देत नाही.
माझी बायको दम लागूनच गेली. खोकल्याची एक ओळ लिहिली. पान त्यांच्या हाती दिलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
खोकला. शेजारच्या खोलीत. तोच — आधी कोरडा, मग शिट्टीसारखा श्वास. धावत जाऊन पान परत मागितलं. काकांनी नियम सांगितला. मी सगळं सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

शनिवार, १५ नोव्हेंबर
लिहिणं थांबवलं. पुस्तक अपुरं तर मरणही नाही, असं वाटलं. पण खोकलाही थांबत नाही. चहा येतो तो अर्धा बशीत सांडलेला.
काका येऊन बसले आणि सांगू लागले. काकूंनी एकदा नायिकेला आपल्या मेलेल्या बहिणीचं हसणं दिलं होतं, आणि शेवट अडवून धरला होता. बहीण वरच्या खोलीत कण्हत राहिली. काकूंनी निरोप लिहिला तेव्हाच सुटली. आधी सांगायला हवं होतं रे, म्हणाले. मग हळूच म्हणाले, म्हणून तर आमच्या हिची एकही सवय मी कुठे लिहीत नाही.
आज ताई म्हणाले नाहीत.

रविवार, १६ नोव्हेंबर
ऐकवत नाही. देवा, मी रोज तिला मागत होतो — असं नव्हतं मागितलं —

सोमवार, १७ नोव्हेंबर
दार उघडं. ती समोर बसली आहे. ओठ निळे. माझा चष्मा काढला, पुसला, परत चढवला. बोटानं खूण केली — लिही.
लिहितो.
पुन्हा एकटा — नको, तिचा श्वास —
निरोप लिहितो. तिनं कप खाली ठेवला. या वेळी कान उजवीकडे, माझ्या हाताला लागेल असा, आणि —