बावीस घोडे आणि माझा राग

सोमवार, ३

आले एकदाची! ट्रंक, दोन पिशव्या, औषधांची पेटी आणि दाढा घासायच्या चार कानशी, सगळं धडपणे पोचलं. खोली चाऱ्याच्या कोठाराच्या वर आहे. जिना लाकडी, पलंग लोखंडी, खिडकी थेट पागेच्या अंगणावर. उशीलासुद्धा वाळक्या गवताचा वास येतो. ताईला फोन करून सांगितलं तर म्हणाली की तुझं लग्न घोड्याशीच लागायचं होतं, लागलं बाई एकदाचं. सहा वर्षं शहरात लठ्ठ कुत्र्यांची नखं कापली. आता बावीस घोडे आणि त्यांची डॉक्टर मी एकटी.

ही घोडेस्वारी शिकवायची शाळा. मालक उंच, कपडे कडक इस्त्रीचे, बूट आरशासारखे. व्यवस्थापकांच्या हातात चाव्यांचा जुडगा. बोलताना तो वाजवतात, म्हणजे समोरच्याला कळावं की कुलपं कुणाची आहेत. आणि काका. हे इथले मुख्य मोतद्दार. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, लीद, सगळं चाळीस वर्षं त्यांच्याच हातचं. लग्नघरात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी त्यांनी घोड्यांची करून दिली. हा लिंबू, रंगाने पिवळसर, खादाड. हा हवालदार, सगळ्यांवर डाफरतो. ही मावशी, सगळ्यांत म्हातारी घोडी, हिच्यापुढे नीट वागायचं. मावशीने माझा खिसा हुंगला, गाजर काढून घेतलं आणि मलाच पाठ दाखवून उभी राहिली. अजून हसू येतंय.

गुरुवार, ६

बाविसांची तपासणी संपली. जबड्याखाली बोट ठेवून नाडी, ओठ उचलून हिरड्या, कुशीला कान लावून आतड्यांची गुडगुड, मग चारी खूर. नऊ जणांच्या दाढांना सुरीसारखी धार आली आहे, गाल आतून सोललेले. घोडं कुठे पेंड खातंय ते तोंडात हात घातल्याशिवाय कळायचं नाही, पण इथे कुणी हात घातलाय कधी? कितीतरी खुरांत काळी सड. पाठीवर जखम, जखमेवर तेल, तेलावर पुन्हा खोगीर. आणि तपासणीची वही मात्र बघत राहावी अशी. प्रत्येक रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘प्रकृती उत्तम’. माझ्या आधीच्या डॉक्टरांचं अक्षर.

तळपायाची आग मस्तकात गेली. वही घेऊन मालकांकडे गेले. ते म्हणाले की घोडा उभा आहे म्हणजे बरा आहे. मी म्हटलं की घोडा झोपतोही उभाच. व्यवस्थापक हसले, मालक नाही हसले.

दुपारभर काकांनी एकेक खूर वर धरला आणि मी कोरत राहिले. तुम्ही आधी कधी सांगितलं नाही का, असं विचारलं. म्हणाले की सांगणाऱ्याची जीभ झिजते बाई, ऐकणाऱ्याचे कान झिजत नाहीत.

सोमवार, १०

पाहुण्यांपुढे अंग चकाकावं म्हणून दोन दिवस लिंबूला तोबरे भरभरून दाणा चारला. मग काल सिमेंटच्या आवारात तासभर दौडवला. मालकांनी, स्वतः. आज सकाळी लिंबू पुढचे पाय लांब ताणून, सगळं वजन मागे टाकून उभा. खूर तापलेले, घोट्यामागची नाडी घणासारखी. खुराच्या आतला नाजूक थर सुजतो आणि वरचं कवच काही ताणत नाही. नखाखाली निखारा ठेवून माणसाला चालायला लावावं, तसं असतं ते. यातून घोडा उठायला महिने जातात. कधी उठतच नाही.

पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, सुई दिली, खाली मऊ भुसा घातला. मालक येऊन म्हणाले की नाटकं करतोय, चार वाजता याच्यावर एकाला बसवायचंय. तोंड उघडलं असतं तर शिव्याच पडल्या असत्या. लिंबूच्या मानेला कपाळ टेकलं आणि मनात म्हटलं, हे पाय त्या माणसाला मिळोत.

तासाभरात खूर गार. लिंबू टक टक चालत चाऱ्याकडे गेला. मी तीनदा तपासला. असं होत नाही. कुठल्याच पुस्तकात नाही.

संध्याकाळी मालक जिना उतरत होते. कठडा धरून, अंग मागे झोकून, टाचांवर. म्हणाले की नवे बूट चावतात.

बोलाफुलाला गाठ. दुसरं काय असणार?

शनिवार, १५

वैरणीला पांढरी बुरशी धरली आहे हे मी बुधवारीच व्यवस्थापकांना सांगितलं होतं. जुडगा वाजवत म्हणाले की घोडं काय चव घेऊन खातंय? आज अकराच्या सुमारास हवालदार पायाने जमीन उकरायला लागला. मग वळून वळून कुशीकडे बघणं, मग धाडकन आडवा आणि लोळण. पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही. आत गेलं ते आतच. काकांनी आणि मी आळीपाळीने त्याला फिरवला, नाकातून नळी घातली, सुया दिल्या. तीन वाजता कुशीला कान लावला तर आत काहीच नाही. चिडीचूप.

व्यवस्थापक कचेरीच्या पायरीवर उभे राहून सफरचंद खात होते.

हवालदारच्या घामेजल्या पोटावर मी कपाळ दाबलं आणि त्या माणसाला असे शाप दिले की ताईने ऐकले असते तर मला खळखळून चुळा भरायला लावल्या असत्या. कपाळाखालीच गुडगुड सुरू झाली, पाटाला पाणी सोडावं तशी. हवालदारने लीद टाकली, अंग झटकलं आणि काकांवर डाफरला.

तेवढ्यात पायरीवर चाव्या पडल्या. व्यवस्थापक अंगणात लोळत होते. लोळता लोळता मध्येच थांबायचे आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायचे. माणूस असा बघत नाही.

मंगळवार, १८

व्यवस्थापक गेले. आतड्याला पीळ पडला होता म्हणे. त्यांची बायको कचेरीतून त्यांचा चष्मा न्यायला आली होती. मी खिडकीतून पाहिलं. खाली उतरले नाही.

काका पहिल्यांदाच जिना चढून वर आले. उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले की दोन्ही वेळा त्यांनी माझं कपाळ पाहिलंय, आणि चाळीस वर्षांत असं काही पाहिलं नाही. मी म्हटलं, मूर्खपणा आहे. ते एवढंच म्हणाले, “बाई, राग आला असेल तर घोड्याला हात लावू नका.”

म्हणून आज करून पाहिलं. करडी घोडी लंगडते आहे; नालबंदाने घाईत खिळा जिवंत भागात ठोकलाय, आत पू धरलाय. आधी शांतपणे कपाळ टेकलं. काही नाही. मग नालबंद डोळ्यांपुढे आणला, शीळ वाजवत ठोकताना. पुन्हा टेकलं. घोडी चारही पाय टेकून चालती झाली. दुपारी निरोप आला की नालबंदाचा पाय भोपळ्यासारखा सुजलाय.

खोटं कशाला लिहू? भीती वाटली, आणि भीतीच्या तळाशी काहीतरी गोड होतं.

शुक्रवार, २१

मालक आता दोन काठ्यांवर चालतात, तरी हौस फिटत नाही. बसताना काळा घोडा हलला म्हणून त्याच्या डोळ्यावर चाबूक ओढला. बुबुळ निळंपांढरं झालं, पाणी थांबेना.

आज मी औषधाची पेटी उघडलीसुद्धा नाही. सरळ काळ्यापाशी गेले, मालकांकडे बघत, त्यांनी बघावं म्हणून. कपाळ टेकलं. मालकांनी काठी टाकून डोळा धरला आणि किंचाळले. हात काढला तेव्हा डोळा उकडलेल्या अंड्यासारखा झाला होता. काळ्याचा स्वच्छ.

मी हसले. मोठ्याने. घोडामैदान जवळच आहे म्हणतात ना!

काका खाली मान घालून खरारा करत राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मंगळवार, २५

पागा कशी शहाण्यासारखी वागते आहे. कुणी चाबूक उचलत नाही, कुणी आवाज चढवत नाही. वैरण ताजी. मी अंगणात पाऊल टाकलं की बोलणारे गप्प होतात आणि काहीही विचारलं तरी एकच उत्तर, सगळं ठीक आहे बाई. चार दिवसांत एकही तक्रार नाही. एवढी वर्षं कुठे होती ही अक्कल?

दुपार मालकांच्या दारासमोर बाकावर बसून घालवली. आतून काठ्यांची टकटक ऐकत. ती ऐकायला बरं वाटतं. आठवड्याची तपासणी खोलीतच बसून वहीत लिहून टाकली. बघायचंय काय? सगळे उभे आहेत.

सोमवार, ३१, सकाळ

मावशी.

चारी पाय फाकवून लाकडी घोड्यासारखी उभी. शेपूट ताठ, कान ताठ. हनुवटी उचलली की डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सरकतो. पाण्याशी तोंड नेते, जबडा उघडत नाही. दाराची कडी वाजली तरी सगळं अंग थरथरतं.

धनुर्वात. मागच्या उजव्या खुरात भोक आहे. खिळ्याचं. जुनं — नऊ दिवसांचं तरी. वेळेत कळलं असतं तर जखम धुऊन एक सुई पुरली असती. एक सुई!

सोमवार, दुपार

कुणाला माहीत होतं, विचारलं. सगळे जमिनीकडे बघत उभे. मग काका पुढे आले. म्हणाले की खिळा त्यांनीच उपसला, जखम त्यांनीच धुतली आणि मला सांगायचं नाही असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. खिळा नालबंदाच्या पेटीतून पडलेला. मला सांगितलं असतं तर मी कुणावर तरी रागावले असते. म्हणून.

माझा हात मावशीच्या मानेवर होता. राग आला — काकांवर. काकांचे ओठ एका बाजूला ओढले गेले. दात दिसले.

हात काढला. झटका बसल्यासारखा काढला. काका गाल चोळत राहिले. म्हणजे आता कपाळही लागत नाही. नुसता हात —

सोमवार, चार वाजता

औषध मागवलंय, उद्या येईल. मावशीकडे उद्या नाही. दोनदा पडली. पुन्हा पडली तर उठणार नाही.

राग दुसऱ्या कुणावर काढता येतो का बघितलं. मालकांवर — ते गुडघ्यावर पांघरूण घेऊन खुर्चीत बसलेत, एक डोळा पांढरा, मी दारात आले तर खुर्चीसकट मागे सरकायला गेले. नाही येत राग. नालबंदावर नाही. मेलेल्यावर तर —

मोकळं मन करून हात लावला तर काहीच होत नाही. राग लागतो. खरा. आणि तो काकांकडेच धावतो. दोनदा दारातून परत आले.

वही उघडली. पंचवीस तारीख. मावशी. ‘प्रकृती उत्तम’. अक्षर माझं.

जिना उतरून चार पावलं गेले असते तर दिसलं असतं. मी बाकावर बसून काठ्या ऐकत होते.

आला. आता आला. असा राग आजवर कुणाचाच आला नव्हता.

जाते, निवायच्या आत.

सोमवार, नंतर

मावशी पाणी प्यायली. घटाघट. माझ्या खांद्यावर लाळ पुसली.

मान भरून येतेय. घोट उतरत नाही. मोठ्या दवाखान्यात फोन केला — शब्द दातांतून — गाडी निघाली आहे. दोन तास.

ताईला नाही केला. आवाज ओळखेल ती.

आणखी

कडी लावली. काका जिन्यावर. म्हणतायत चूक त्यांची आहे, एकदा फक्त त्यांना माझ्या कपाळाला हात लावू द्यावा. मी करते ते त्यांनाही जमलं तर? स्वतःवर रागावलेत. ओळखते मी तो आवाज. जमेल त्यांना. नक्की जमेल. म्हणून कडी.

उजेड टोचतो. खिडकीला चादर —

पाठ उचलली जाते. आपोआप. कमान.

बोटं मिटलीत, पेन्सिल मुठीत

काका ओरडू नका आवाजाने

गाडी कुठे

दार ढकलतायत. सांगायचंय, दात उघडत नाहीत. कडीचा खिळा हलतो आहे — काका नको — रागावू नका, कुणावरच, तुमच्यावर तर मुळीच न