टोपीऐवजी कविता

बारामती. रविवार, संध्याकाळ.

आज माझ्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. इंदापूरच्या लग्नात मानाची टोपी मिळाली नाही. नवरदेवाच्या बापानं, म्हणजे आमच्या सर्जेराव तात्यांनी, टॉवेल-टोपीऐवजी प्रत्येक पाहुण्याच्या हातात स्वतःचा कवितासंग्रह ठेवला. भर उन्हात तोच डोक्यावर धरून गाडीपर्यंत आलो. त्याचा तेवढाच उपयोग.

घरी येऊन वाचला. अरेरे! पानोपानी माती. माती रडते, माती हाक मारते, माती कवीच्या कानात कुजबुजते. तात्यांची अख्खी हयात डाळिंबात गेली आणि संग्रहात एक डाळिंब नाही. का? तर हल्ली माती रडल्याशिवाय कवीला शाल मिळत नाही. सगळे तसंच लिहितात, म्हणून हेही. त्यापेक्षा टोपी बरी, ती निदान डोक्याला बसते.

आणि आत्ता तात्यांचाच फोन.

"वाचलंस का? समदे छान म्हंत्यात. दुसरं पुस्तक बी छापायला टाकू का? खरं सांग लेका."

'छान' म्हणून सुटता आलं असतं. पण माझी पहिली कादंबरी वाचून "ह्यात तू कुठंच न्हायस, छापू नगंस" असं तोंडावर सांगणारा हा एकटाच माणूस. बाकीच्यांनी तेव्हा पाठ थोपटली होती. मी महिनाभर तात्यांशी बोललो नव्हतो. छापलीही नाही, आणि वाचलो.

"नका टाकू, तात्या," मी म्हणालो. "ह्यात तुमी कुठंच न्हाय."



"फिटलं म्हण की," तात्या म्हणाले. हसले मात्र नाहीत.